ह्यूम एंडचे बंद स्थानक आणि आपली बार्शी लाईट

मुरूडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

माझे आजोबा बार्शी लाईट रेल्वेवर गँगमन होते. मुरूड ते हरंगुळ या टापूतले रूळ पायी तपासण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले आणि निवृत्त होताना सोबत काय आणले, तर रुळाचा हातभर लांबीचा एक तुकडा. तो त्यांनी गावच्या शाळेला घंटा म्हणून दिला. आमच्या पिढीची सगळी शाळा त्या तुकड्याच्या ठणठणाटावर भरली आणि सुटली. पुढे शाळेत विजेची घंटा आली तेव्हा मुख्याध्यापकांनी तो आठवणीने आमच्या घरी परत पाठवला. सध्या तो ओसरीवर, तुळईला बांधलेल्या साखळीत लटकतो आहे.

हे सांगण्याचे कारण असे. माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या बाजूला राहतो. सुट्टीत तो सायकल घेऊन एका नदीच्या दरीत फिरायला गेला होता. जिथे त्याची वाट संपली, तिथे त्याला ह्यूम एंड नावाचे एक जुने, बंद पडलेले रेल्वे स्थानक दिसले, आणि आजोबांची नोकरी ठाऊक असल्यामुळे त्याने त्याची छायाचित्रे मला पाठवली. इमारत लाकडी, बुटकी आणि नीट रंगवलेली आहे; समोर रूळ मात्र नाहीत. कुतूहल म्हणून मी त्या रेल्वेची माहिती शोधली, तेव्हा तिच्या अभियंत्याचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप असल्याचे कळले आणि मी थबकलोच, कारण आमच्या घरात हे नाव 'कालत्राप साहेब' या रूपात लहानपणापासून ऐकलेले आहे. रुळांतील अंतरही आपल्यासारखेच, अडीच फूट.

हे स्थानक नेमके कशासाठी बांधले गेले आणि केवळ तीस वर्षांत ते बंद का पडले, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे. माणूस तोच आणि रुळांचे मापही तेच असताना आपली गाडी शंभर वर्षे चालली व त्यांची तीससुद्धा धड चालली नाही, याचे कारण काय असावे? आणि बार्शीला आधी करून पाहिलेला प्रयोग नंतर इंग्लंडमध्ये नेला गेला, हे खरे आहे का? आपल्याकडे सहसा याच्या उलटे घडल्याचे ऐकतो.

रूळवाटा, छत्रपती संभाजीनगर

मुरूडकर, आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे उत्तर त्यातूनच उलगडते. होय, बार्शी आधी आणि इंग्लंड नंतर.

कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७चा. इंग्लंडमधील इंजिनांच्या कारखान्यांत उमेदवारी केल्यावर १८८२ साली ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आले. त्या कंपनीचा मुंबई–मद्रास हमरस्ता सोलापूर जिल्ह्यातून जात होता, पण बार्शीची मोठी बाजारपेठ त्यापासून सुमारे २१ मैल बाजूला पडली होती आणि तिथला माल बैलगाड्यांनी रुळापर्यंत येत असे. हे अंतर स्वस्त, हलक्या, अरुंद मापाच्या रेल्वेने जोडावे, हा विचार कॅलथ्रॉप यांनी अनेक वर्षे लावून धरला, त्यासाठी नोकरी सोडली, १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी केली आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. गाड्या बोटीने रवाना होण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम रूळ अंथरून त्यांची चाचणी घेण्यात आली होती आणि ती पाहण्यासाठी रेल्वेतले जाणकार जमले होते.

त्यांचे मूळ सूत्र सांगायला सोपे आणि पाळायला कठीण होते. इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालाची वाघीण, कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या दांड्यावर, पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो आणि सगळ्या रेल्वेचाच खर्च उतरतो. त्याकाळी अरुंद मापाची रेल्वे म्हटले की लहान खेळण्यासारख्या वाघिणी डोळ्यांसमोर येत. कॅलथ्रॉप यांनी रूळ हलके ठेवले. वाघिणी मात्र लांब आणि दोन्ही टोकांना चार-चार चाकांच्या बोगींवर बसवलेल्या घेतल्या. वजन जास्त आसांवर वाटले गेले की मालही भरपूर बसतो आणि रूळही दबत नाही. बार्शीला हे जमले म्हणूनच स्टॅफर्डशायरमधल्या मंडळींनी त्यांना बोलावले.

आता आपल्या भाच्याच्या स्थानकाकडे येतो. इंग्रजीत त्या नावात 'ल' लिहितात, पण उच्चार ह्यूम एंड असाच आहे. स्टॅफर्डशायरच्या उत्तर टोकाला, डर्बीशायरच्या शिवेजवळ ही जागा आहे. वस्ती थोडी, म्हणून स्थानकाच्या नावाला 'हार्टिंग्टनसाठी' अशी पुस्ती जोडलेली असे, कारण खरे गाव ते, आणि ते तिथून सुमारे दोन मैलांवर. कळंब रोडला उतरून जे कधी कळंबला गेले आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

रेल्वेचे पूर्ण नाव लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे. लांबी सव्वाआठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटरांहून थोडी अधिक. एका टोकाला वॉटरहाउसेस आणि दुसऱ्या टोकाला ह्यूम एंड. पहिला भाग हॅम्प्स नदीच्या काठाने आणि पुढचा मॅनिफोल्ड नदीच्या काठाने जातो. तो सगळा चुनखडीचा मुलूख असल्यामुळे उन्हाळ्यात या नद्यांचे पाणी जमिनीत गडप होते आणि पात्रात नुसते गोटे उरतात, हे वाचल्यावर मला तेरणा आणि मांजरा आठवल्या. अर्थात आपल्या नद्या कोरड्या पडण्याचे कारण निराळे आहे.

१८९६ साली ब्रिटिश संसदेने हलक्या रेल्वेंसाठी वेगळा कायदा केला. शेतीमाल पडून राहणाऱ्या दुर्गम भागांत कमी खर्चात आणि कमी कटकटीत रेल्वे पोहोचावी हा त्यामागचा हेतू होता. त्याच कायद्याखाली या मार्गाला परवानगी मिळाली, १८९९ साली काम सुरू झाले आणि २७ जून १९०४ रोजी पहिली गाडी धावली. रेल्वे चालवण्याचे काम नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वे या मोठ्या कंपनीकडे होते. गंमत अशी की लीक शहराकडून वॉटरहाउसेसपर्यंत येणारी नेहमीच्या मापाची रेल्वे १९०५पर्यंत तयारच नव्हती, त्यामुळे पहिल्या वर्षी ही चिमुकली रेल्वे बाकीच्या रेल्वे जाळ्याशी जोडलेलीच नव्हती आणि लीकच्या प्रवाशांना आधी सडकेने वॉटरहाउसेस गाठावे लागे. घर बांधून झाले आणि जिना राहिला, असा तो मामला.

इंजिने दोनच होती. लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेली. बार्शीची पहिली इंजिनेही त्याच कारखान्यातली. एका इंजिनाला कॅलथ्रॉप यांचेच नाव दिले होते. पुढे दोन, मध्ये सहा आणि मागे चार अशी चाकांची रचना असलेली ही ब्रिटनमधली पहिली टाकीवाली इंजिने. त्यांच्या कपाळावर इंग्लंडमध्ये कुणी लावत नसे असा भलामोठा दिवा होता. भारतात रात्री रुळावर म्हैस आडवी येते की नाही हे पाहायला तो उपयोगी. कुंपण घातलेल्या इंग्रजी कुरणांतून दिवसाढवळ्या जाणाऱ्या गाडीला त्याचे काय काम? पण आराखडा उष्ण देशांतल्या इंजिनांच्या घराण्यातला होता, त्यामुळे घराण्याची खूणही सोबत आली. चार प्रवासी डबे होते आणि सुरुवातीला त्यांचा रंग फिकट पिवळा होता. हिरव्या दरीतून ती पिवळी गाडी कशी दिसत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

वॉटरहाउसेसला मात्र कॅलथ्रॉप यांनी एक अशी युक्ती केली, जी ब्रिटनमध्ये तोपर्यंत कुणी केली नव्हती. दोन वेगळ्या मापांचे रूळ जिथे भेटतात, तिथे एका वाघिणीतला माल हमालांकरवी दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागतो. वेळ जातो, माल सांडतो, हमाली पडते. त्यांनी बुटक्या, मजबूत चौकटीच्या वाहक गाड्या बनवून घेतल्या. मोठ्या मापाची भरलेली वाघीण जशीच्या तशी त्या चौकटीवर ढकलायची, चाके अडकवून टाकायची आणि अडीच फुटी रुळावरून ती पाठीवर घेऊन जायचे. काही स्थानकांवर मोठ्या मापाच्या रुळाचा छोटासा तुकडा टाकून ठेवला होता, म्हणजे आलेली वाघीण तिथे उतरवून सावकाश रिकामी करता येई. लहान भावाने मोठ्याला खांद्यावर घ्यावे तसे ते दृश्य असे.

या मार्गावर एकच बोगदा आहे, स्वेन्सलीचा, आणि त्याच्यामागची हकीकत मोठी रंजक आहे. तिथे सर टॉमस वॉर्डल यांचे घर होते. हे लीकचे रेशीम रंगवणारे प्रसिद्ध कारखानदार. भारतातल्या टसर रेशमावर त्यांनी बरीच वर्षे काम केले, त्यासाठी ते इथे येऊनही गेले आणि काश्मीरच्या रेशीम उद्योगाला उभारी देण्यातही त्यांचा वाटा होता. रेल्वे त्यांना हवी होती, ते तिच्या संचालकांपैकी होते. फक्त ती आपल्या खिडकीतून दिसू नये एवढीच त्यांची अट होती. म्हणून बोगदा. आज त्यातून मोटारी जातात.

एवढे सगळे असूनही रेल्वे का बसली, याचे उत्तर नकाशात आहे. गाडी दरीच्या तळातून जाई आणि गावे दरीच्या वर, माळावर. ग्रिंडन, बटरटन ही नावे स्थानकांच्या पाट्यांवर होती, पण पाटीपासून गावापर्यंत छातीवरचा चढ होता. बांधकामावरच्या एका मजुराचे बोलणे म्हणून तिकडे अजून सांगतात की मार्ग झकास आहे, पण तो चालायचा नाही, कारण तो कुठूनच निघत नाही आणि जाऊन तिथेच पोहोचतो. एक्टनला पूर्वी तांब्याच्या श्रीमंत खाणी होत्या, अठराव्या शतकात त्यांनी डेव्हनशायरच्या ड्यूक घराण्याला अमाप पैसा मिळवून दिला. पण रेल्वे आली तोवर त्या संपल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी थॉर्स केव्ह नावाची डोंगरातली प्रचंड गुहा पाहायला शहरातले लोक लोटत, गाडी भरून वाहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी.

उरले दूध. खरे सांगायचे तर ही रेल्वे दुधावर जगली. एक्टनला दुधाचा कारखाना होता, दरीतल्या गोठ्यांमधले दूध तिथे जमा होई आणि गाडीने पुढे थेट लंडनच्या वाटेला लागे. १९३२ साली तो कारखाना बंद झाला, दूध मोटारींनी सडकेवरून जाऊ लागले, आणि रेल्वेच्या पायाखालची एकुलती एक वीट निघाली. मधल्या काळात, १९२३ साली, ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वे चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या होत्या आणि ही रेल्वे लंडन मिडलँड अँड स्कॉटिश या अवाढव्य कंपनीच्या पदरात पडली होती. एवढ्या मोठ्या कुटुंबात या सव्वाआठ मैलांच्या लेकराकडे कोण बघणार? शनिवार, १० मार्च १९३४ रोजी शेवटची गाडी गेली.

परळीचा प्रवासी

माहिती उत्तम. पण इंग्लंडमधली अशी सगळी छोटी स्थानके डॉ. बीचिंग यांच्या अहवालामुळे बंद पडली, असे मी वाचले होते. हे स्थानकही त्याच यादीतले असणार ना?

येडशीकर

परळीकर, हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल मार्च १९६३चा. त्यात २,३६३ स्थानके व थांबे बंद करण्याची शिफारस होती आणि त्यातली बरीच पुढे बंदही झाली, त्यामुळे तिकडे कोणत्याही ओसाड फलाटाचे पाप त्यांच्याच माथी मारण्याची रीत पडली आहे. ह्यूम एंडला मात्र तोवर रूळ उखडून पाव शतक लोटले होते. मोटारबस आणि लॉरी यांनी ग्रामीण शाखामार्गांचा घास घ्यायला १९२०च्या दशकातच सुरुवात केली होती, आणि मॅनिफोल्डची रेल्वे त्या पहिल्या फेरीत गेली. वॉटरहाउसेसला येणाऱ्या मोठ्या मापाच्या शाखेवरची प्रवासी वाहतूकही लगेच, १९३५ साली थांबली. त्या शाखेचा काल्डन लो इथल्या चुनखडीच्या खाणीकडे जाणारा भाग मात्र १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तग धरून होता. मालाला मरण नसते, प्रवाशाला असते.

रूळवाटा यांच्या विवेचनाशी मी एका जागी सहमत नाही. वाघीण पाठीवर घेणाऱ्या गाडीचे आपण कौतुक केले आहे, ते योग्यच. पण तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहा. बार्शी लाईटला अशा गाडीची गरज पडली नाही. कुर्डुवाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर माल हातांनीच चढवला जाई. हमाल भरपूर होते, मजुरी कमी होती आणि पोती, गाठी, डाग हा सगळा सुटा, उचलता येणारा माल होता. इंग्लंडमध्ये मजुरी महाग, म्हणून यंत्र आणावे लागले. यंत्र आणले तर ते चालवायला माल पुरेसा नाही. म्हणजे ज्या खर्चापासून सुटका करून घेण्यासाठी अरुंद माप निवडले, तोच खर्च वेगळ्या दाराने घरात शिरला. अवघ्या सव्वाआठ मैलांसाठी वेगळी इंजिने, वेगळे डबे आणि वेगळी दुरुस्तीची शेड ठेवणे हे मुळात परवडण्यासारखे नव्हते. बार्शी लाईटही पहिल्या २१ मैलांवरच थांबली असती, तर तिचे वेगळे काही झाले नसते असे माझे मत आहे.

ती थांबली नाही, हा फरक. १९०६ साली पंढरपूर, १९०७ साली तडवळे, १९११ साली लातूर आणि १९२७ साली मिरज, असे करत ती दोनशे मैलांची झाली. बार्शीकडून येताना बालाघाटचा चढ चढून ती आमच्या येडशीला पोहोचे. चढावर तिचा वेग इतका मंद असे की लोक उतरून बोरे तोडून पुन्हा चढत, असे इकडे सांगतात. पण हा किस्सा महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीच्या नावावर जमा असल्यामुळे मी त्याची खात्री देणार नाही. मी स्वतः त्या गाडीने बार्शीला शिकायला जात होतो. मला आठवतो तो बोरांचा नव्हे, कोळशाच्या कणांचा त्रास. खिडकीशी बसलो की पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या बाहीवर काळे ठिपके पडत आणि परतीच्या प्रवासात डाव्या बाहीवर. दोन्ही बाह्या सारख्या झाल्या की आई सदरा धुवायला घेई.

जुना आडत्या, लातूर

येडशीकरांनी विस्ताराचा मुद्दा मांडला तो बरोबर आहे, पण विस्तार होण्यासारखे पुढे काही होते म्हणून तो झाला. आमच्या घरात तीन पिढ्यांची आडत आहे, त्यामुळे हा विषय मी बाजाराच्या अंगाने पाहतो.

लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. लातूरचा कापूस, सरकी, करडई, तूर, ज्वारी हा माल निजामाच्या राजधानीकडे न जाता मुंबईकडे ओढला जात होता, कारण भाव तिकडे होता. १९११ साली रूळ लातूरला पोहोचले तेव्हा हैदराबाद राज्यातल्या या बाजाराला मुंबईच्या बंदराचा दरवाजा कुर्डुवाडीमार्गे उघडला. आमच्या पणजोबांच्या वह्यांत 'बारसी लाईटने रवाना' अशी नोंद पानोपानी आहे. वर गाठींची संख्या, खाली हमाली आणि कोपऱ्यात वाघिणीचा क्रमांक. हंगामात वाघीण मिळणे हीच मोठी गोष्ट असे, आणि स्टेशनवर नंबर लावायला माणूस पहाटे पाठवावा लागे. एका हंगामात वाघीण वेळेवर मिळाली नाही म्हणून अवकाळी पावसात माल धक्क्यावर भिजला, त्याचा हिशेब एका वहीत तांबड्या शाईने लिहिलेला मी पाहिला आहे.

आता मॅनिफोल्डशी तुलना करा. त्यांच्या एका टोकाला चार घरे आणि दुसऱ्या टोकाला एक जंक्शन. आमच्या एका टोकाला लातूरचा बाजार, मध्ये बार्शीचा बाजार, आणि कुर्डुवाडीहून दुसरीकडे वळलात की पंढरपूर. आषाढी-कार्तिकीला तर ही गाडी माणसांनी फुलून जाई. त्यांच्या थॉर्स केव्हला सुट्टीचे चार दिवस गर्दी. आमच्या विठोबाकडे वर्षाच्या ठरलेल्या वाऱ्या. शिवाय दूध हा माल असा आहे की तो रोज, वेळेवर आणि थोडा थोडा निघतो. असा माल लॉरी सर्वांत आधी पळवते, कारण लॉरी गोठ्याच्या दारात येते. कापसाची गाठ किंवा धान्याचे पोते चार दिवस थांबू शकते, एकदम शेकड्यांनी जाते आणि लांब जाते. तिथे रेल्वेला लॉरीशी झुंज देता येते. आमच्याकडे सडका उशिरा सुधारल्या हेही एक कारण आहेच, आणि ते काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

एक दुरुस्ती मात्र मुरूडकरांच्या प्रश्नातच करावी लागेल. आपली गाडी 'टिकली' असे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९५४ साली बार्शी लाईट सरकारने घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. पुढे रुंदीकरणात अरुंद रूळ उखडले गेले. लातूर–उस्मानाबाद भाग २००७ साली आणि कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ साली रुंद मापाचा झाला. रुंद मार्ग मुद्दाम उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव शहरातून वळवण्यात आला. जुनी छोटी गाडी त्या शहरात कधी गेलीच नव्हती, येडशीला उतरून सडकेने जावे लागे. म्हणजे आपली बार्शी लाईटही बंदच झाली आहे. फक्त तिच्या वाटेवर, थोडी सरकून, दुसरी रेल्वे उभी राहिली. एप्रिल २०१६मध्ये लातूरला पाणी घेऊन गाडी आली ती मिरजेहून, पंढरपूर आणि कुर्डुवाडी मार्गे. त्या पहिल्या खेपेच्या दहा टाक्या बघायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो, तेव्हा माझ्या मनात आले की मिरज हे बार्शी लाईटचे एक टोक आणि लातूर हे दुसरे. पाणी त्या जुन्या वाटेनेच आले.

मुरूडकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मनापासून आभार. आडत्या काका, आपली दुरुस्ती मान्य आहे. आजोबा हयात असते तर त्यांनीही हेच सांगितले असते. त्यांना मोठी गाडी कधी 'आपली' वाटली नाही.

आणखी दोन गोष्टी विचारतो. ह्यूम एंडचे स्थानक इतके सुस्थितीत कसे राहिले? आमच्या भागातल्या एका जुन्या थांब्याची दगडी खोली रुंदीकरणानंतर दोन पावसाळ्यांत नाहीशी झाली. आधी पत्रे गेले, मग दारे-खिडक्यांच्या चौकटी, आणि शेवटी घडीव दगड कुणाकुणाच्या पायात बसले. आम्ही गावकऱ्यांनी एका कार्यालयात अर्ज दिला होता, त्याची पोचपावती तेवढी आमच्याकडे आहे. दुसरे म्हणजे, ओसरीवरचा तुकडा खरोखर कॅलथ्रॉप यांच्या काळातल्या मापाचा आहे की नंतरचा, हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

रूळवाटा, छत्रपती संभाजीनगर

येडशीकरांचा आक्षेप मला पटला. मी युक्तीच्या प्रेमात पडलो आणि तिचा खर्च पाहायचा विसरलो.

ह्यूम एंडबद्दल. रेल्वे बंद झाल्यावर मार्गाची जागा कंपनीने स्टॅफर्डशायरच्या जिल्हा परिषदेच्या, म्हणजे तिकडच्या काउंटी कौन्सिलच्या ताब्यात दिली. रूळ निघाले, त्या जागी पक्की पायवाट झाली आणि १९३७ साली ती लोकांसाठी खुली झाली. मॅनिफोल्ड वे हे तिचे नाव. जुन्या रेल्वेमार्गावर झालेल्या ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या सार्वजनिक वाटांपैकी ती एक आहे. आपला भाचा सायकलवरून गेला तो नेमका रुळांच्या जागेवरून गेला. वाट सपाट आणि वळणे सौम्य का, हे त्याला चालवताना जाणवले असेल. चढ काढण्याचे कष्ट कॅलथ्रॉप यांच्या लोकांनी आधीच घेतले होते. वाटेमुळे माणसांची ये-जा राहिली आणि ये-जा राहिली म्हणून तिकिटघर उभे राहिले. आता तिथे प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे आणि इंजिनांची शेड होती त्या जागी चहाचे दुकान. इंजिने मात्र दोन्ही भंगारात गेली. एकही उरले नाही. हे वाचून मला वाईट वाटले, पण आपल्याकडच्या थांब्याची जी हकीकत आपण लिहिली आहे, तिच्यापुढे तक्रार करायला जागा नाही.

कॅलथ्रॉप यांच्याविषयी एक गोष्ट लिहायची राहिली होती. पुढे त्यांनी रेल्वे बाजूला ठेवून विमानातून उडी मारण्याच्या हवाई छत्रीचा ध्यास घेतला. चार्ल्स रोल्स हे, ज्यांचे नाव मोटारीमुळे सर्वांना ठाऊक आहे, त्यांचे मित्र होते, आणि १९१० साली विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर कॅलथ्रॉप यांनी 'गार्डियन एंजल' नावाची छत्री तयार केली आणि पहिल्या महायुद्धात ती वैमानिकांना मिळावी म्हणून बरीच धडपड केली. १९२७ साली ते वारले. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेला पोहोचली.

आपल्या तुकड्याची परीक्षा घरच्या घरी करता येईल. सुरुवातीला बार्शी लाईटचा रूळ वाराला ३० पौंड वजनाचा होता. आजच्या मापात हे मीटरला १५ किलोच्या किंचित आत येते. तुकड्याची लांबी मोजा, वजन करा आणि भागाकार करा. आकडा बराच जास्त आला तर तुकडा नंतर टाकलेल्या जड रुळाचा समजावा.

मुरूडकर

आज सकाळी साखळीतून उतरवला. दोन माणसे लागतील असे वाटले होते, पण एकट्याने उतरला. लांबी ४२ सेंटिमीटर भरली. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन ६ किलो १५० ग्रॅम आले; एका बाजूला घंटा वाजवून वाजवून खळगा पडला आहे, तेवढे वजन कमी धरावे लागेल. भागाकार केला तर मीटरला साडेचौदा किलोंच्या जरा वर येते.

येडशीकर

मग तो ३० पौंडीच आहे. खळग्यातले वजन शाळेत गेले म्हणायचे. परत टांगताना साखळी तपासून घ्या.